एका ठिपक्याची गोष्ट

ब्रँड, रंग, पॅकिंग... आपण सगळं पटकन बघून ओळखतो. पण रंगच उडाला तर?

हा प्रश्न मला पडला निरवांगीत, आजोळी. घराचं काम काढलं आणि माळ्यावर आजोबांची काचपेटी सापडली. 1968 साली बीएस्सीला असताना त्यांनी नीरेकाठी पकडलेली फुलपाखरं! "फेकून द्या, डांबरगोळ्यांचा वास मारतोय," मामीचा निकाल. आजोबा गप्पच. मग मीच म्हटलं, "आजोबा, आधी नावं तर लावू या."

चार फुलपाखरं, चारही चहाच्या डागासारखी फिकट. आजोबांच्या मते सगळी प्लेन टायगर. या केशरी फुलपाखराची अळी रुईवर वाढते. रुईच्या चिकातलं विष तिच्या अंगात मुरतं, त्यामुळे एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा वाटेला जात नाही. याचा फायदा उठवते डॅनेड एगफ्लायची मादी. हिची अळी आपल्या साध्या घोळीवर वाढते, विष-बिष काही नाही. पण दिसायला हुबेहूब टायगर. डुप्लिकेट माल, तरी काम चोख!

मग विटलेल्या पंखांत अस्सल कोण, नक्कल कोण? पंखावरच्या खवल्यांतलं रंगद्रव्य उजेडानं फिकट होतं, पण नक्षीची जागा बदलत नाही. टायगरच्या मागच्या पंखावर मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात. एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेजवळ एकच. भिंग लावलं. तीन टायगर निघाले. चौथ्याला... एकच ठिपका!

हा फरक किरकोळ नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, खऱ्या वाघाच्या पंक्तीत, या एगफ्लायचं नाव अनेक वर्षं होतं. नावातच 'टायगर' असलेला मात्र त्यात नव्हता!

आणि टाचणीखाली आजोबांच्या अक्षरातली चिठ्ठी : 'निरवांगी, नोव्हेंबर 1968'. ती नसती, तर हा नुसता शोपीस. गाव आणि तारीख आहे म्हणून हा पुरावा आहे, की तेव्हा या नदीकाठी ही उडत होती. मामीनं पेटीसाठी कपाटाचा एक खण रिकामा केला. न सांगता.

तुमच्याही घरी अशी पेटी असेल, तर उन्हात ठेवू नका आणि चिठ्ठ्या अजिबात हलवू नका. नवीन फुलपाखरू दिसलं, तर पकडू नका, फोटो काढा. गाव-तारखेसकट!