छापील आकडा आणि टाकीतले पेट्रोल

नवी मोटार दारात उभी राहिली की पाहायला येणारी मंडळी रंगाची वाखाणणी करतात, दार उघडून गादी दाबून पाहतात, पेढा तोंडात टाकतात आणि मग हळूच मुद्द्यावर येतात: "लिटरला किती देते?" आमच्या इंदुरात हा प्रश्न मराठीतून येवो की हिंदीतून, यजमानाचे उत्तर तयार असते, कारण ते माहितीपत्रकात छापलेले असते. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या घरांतून हिशेबाच्या वहीला देवघराच्या खालोखाल मान. त्यामुळे छापील आकड्यावर आपला विश्वास अंमळ जास्तच. हा विश्वास कधी कधी एखाद्या गरीब माणसाच्या अंगावर कसा शेकतो, हे आम्ही अलीकडे जवळून पाहिले. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम मोटारीविषयी थोडे. हल्ली बाजारात लहान इंजिनाच्या पण 'टर्बो' लावलेल्या पेट्रोल गाड्यांचा बोलबाला आहे. टर्बोची कल्पना मुळीच नवी नाही. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ सालीच तिचे पेटंट घेतले होते, आणि १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्डस्मोबाइल व शेव्हरोले यांच्या टर्बो गाड्या विक्रीस आल्या. आपल्याकडे २०१३ मध्ये फोर्डची १ लिटर इंजिनाची इकोस्पोर्ट आणि फोक्सवॅगनची १.२ लिटरची पोलो जीटी आली, तेव्हापासून सामान्य गिऱ्हाइकाला या प्रकाराची ओळख झाली. पुढे टाटा, ह्युंदाई, किआ, मारुती अशा सर्वांनीच ही वाट धरली. याला आपली करपद्धतीही कारण आहे. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरांच्या आतील आणि १२०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल गाडीला कराची सवलत आहे. सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीतही अशा गाडीला १८ टक्के आणि तिच्याहून मोठ्या गाडीला ४० टक्के, असा भेद कायम आहे. तेव्हा इंजिन लहान ठेवायचे, पण जोर मोठ्या गाडीचा द्यायचा, या खटाटोपातून टर्बो घरोघर पोहोचली.

आमच्या थोरल्या बंधूंनी अशीच एक गाडी घेतली. आम्ही त्यांना दादा म्हणतो. कंपनीचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. इंजिन १ लिटरचे, तीन सिलिंडरांचे. गिअर आपोआप पडणारे. माहितीपत्रकातला आकडा लिटरला १८ किलोमीटर. दादांचे वय झाल्यामुळे गाडी चालवायला गेली नऊ वर्षे एक ड्रायव्हर आहे. सकाळी नातींना शाळेत सोडणे, मग दादांना रामबागेतून दवाखान्यात पोहोचविणे, दुपारी पुन्हा शाळा, संध्याकाळी वहिनींना राजवाड्याकडे बाजारात नेणे, असा त्याचा नेम. पेट्रोल तोच भरून आणी आणि पावती दादांच्या मेजावर ठेवी.

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस दादांनी पावत्यांची बेरीज केली. गाडी ४०० किलोमीटर चालली होती. छापील आकड्याप्रमाणे सव्वाबावीस लिटर पेट्रोल लागायला हवे. पावत्या मात्र ३८ लिटरांच्या होत्या. जवळजवळ १६ लिटर पेट्रोल गेले कोठे? लिटरचा भाव शंभराच्या वर! दादा स्वभावाने कठोर नाहीत. पण त्यांच्या मनात जी शंका आली ती आपल्यापैकी बहुतेक घरांत आली असती. त्यांनी उघड आरोप केला नाही. टाकीच्या झाकणाची किल्ली तेवढी स्वतःकडे घेतली, आणि ड्रायव्हर आला की घरातली बोलणी थांबू लागली. ज्याला समजायचे ते समजले. एक दिवस तो वहिनींना एवढेच म्हणाला, "माँजी, पेट्रोल अब साहब खुद ही भरवा लिया करें, तो अच्छा।" नऊ वर्षांची नोकरी, दोन मुलांचे शिक्षण आणि वस्तीतली अब्रू, असे सगळे त्या एका भागाकारावर टांगले गेले होते.

वहिनींनी आम्हांला बोलावून घेतले. आम्ही हयातभर शाळेत पदार्थविज्ञान शिकविलेले. त्यामुळे घरात यंत्राचा तंटा निघाला की पंच म्हणून आमची नेमणूक ठरलेली. आम्ही दादांना म्हटले, "दादा, माणसावर संशय घेण्याआधी मोटारीची जबानी घेऊ या." ती घेण्याची रीत सोपी आहे. पंपावर टाकी काठोकाठ, म्हणजे नळी आपोआप बंद पडेपर्यंत भरावी. किलोमीटरचा काटा लिहून ठेवावा. गाडी रोजच्यासारखी वापरावी. आणि पुन्हा त्याच पंपावर, त्याच रीतीने टाकी भरावी. दुसऱ्या वेळी जितके पेट्रोल मावले तितकेच मध्यंतरी जळले. किलोमीटरला त्या लिटरांनी भागले की झाले. गाडीतल्या पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नये. तो अंदाज असतो, आणि बहुधा गाडीच्या बाजूने झुकलेला असतो.

मे महिन्यात आम्ही चार मोजण्या केल्या. पहिली ड्रायव्हरच्या नेहमीच्या फेऱ्यांची: २१४ किलोमीटर, २०.१ लिटर, म्हणजे लिटरला १०.६. दुसऱ्या खेपेस किल्ली दादांकडेच ठेवली आणि त्याच फेऱ्या त्यांनी स्वतः केल्या: १८६ किलोमीटर, १९ लिटर, म्हणजे ९.८. तिसरी भोपाळला जाताना. गाडी ड्रायव्हरच्या हाती, वेग ८०च्या आसपास: १९२ किलोमीटरला १०.६ लिटर, म्हणजे १८.१. चौथी परतीची. या वेळी पुतण्या चालवीत होता आणि वेग १००च्या जवळ: तेवढ्याच अंतराला १२.७ लिटर, म्हणजे १५.१.

हे चार आकडे आम्ही दादांपुढे ठेवले. दादांचा स्वतःचा आकडा ड्रायव्हरच्या आकड्याहून कमी होता. आणि तोच माणूस शहरात चोर व भोपाळच्या रस्त्यावर साव, असे मानण्यापेक्षा गाडीच शहरात अधिक पिते असे मानणे तर्काला धरून होते. दादा बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, "हे सगळे खरे, पण मग १८ छापले कोणी आणि कशाच्या आधारावर?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर दोन भागांत आहे: एक चाचणीचे, दुसरे इंजिनाचे.

आपल्या देशात असे आकडे ज्या संस्थांच्या चाचणीवरून दिले जातात त्यांत पुण्याची 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' प्रमुख आहे. ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. तेथे गाडी रस्त्यावर धावत नाही. तिची चाके रुळांवर जागच्या जागी फिरतात. आजवरच्या पद्धतीत ही परीक्षा सुमारे २० मिनिटांची आणि साडेदहा किलोमीटरांच्या आसपासची. वेग वाढवायचा तो अगदी सावकाश, ९० च्या वर जायचेच नाही, आणि वातानुकूलन बंद. तेथे ना राजवाड्याची गर्दी, ना मे महिन्याचे ऊन, ना मागच्या गादीवरची तिघेजण. हा आकडा खोटा नव्हे. एका गाडीची दुसरीशी तुलना करता यावी म्हणून सर्वांना एकाच पट्टीने मोजलेले ते माप आहे. आपल्या गल्लीत गाडी किती पेट्रोल खाईल याचे ते वचन नाही. युरोपात २०१७ पासून याहून कडक, १३१ किलोमीटर वेगापर्यंत जाणारी चाचणी आली; तरीही युरोपीय आयोगाच्या २०२४ च्या अहवालात पेट्रोल गाड्यांचा रस्त्यावरचा इंधनखर्च चाचणीपेक्षा सरासरी २३.७ टक्क्यांनी अधिक आढळला. तेव्हा ही तफावत एकट्या आपल्याच देशाची नव्हे.

आता इंजिनाचे. लोहाराचा भाता वाचकांनी पाहिला असेल. भट्टी लहान, पण भाता जोरात चालविला की निखारे मोठ्या भट्टीसारखे धगधगतात. मात्र कोळसाही तितक्याच वेगाने संपतो. टर्बो म्हणजे इंजिनाचा भाता. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते आणि ते दुसऱ्या चक्राकरवी इंजिनात जास्त हवा कोंबते. पेट्रोल नीट जळायला एक भार पेट्रोलास सुमारे १४.७ भार हवा लागते. म्हणून हवा वाढली की पेट्रोलही त्याच प्रमाणात वाढणार. पाय हलका असेल तर भाता जवळजवळ स्वस्थ असतो. मग लहान इंजिन लहानासारखेच खाते. त्यात घर्षण कमी, आणि अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढण्याचे कष्टही कमी. पुण्याच्या रुळांवर आणि भोपाळच्या वाटेवर ८०च्या वेगाने हाच लाभ दिसतो. पाय दाबला की तेच इंजिन मोठ्या इंजिनाएवढी हवा घेते आणि खाण्यातही मोठे होते. शिवाय फार जोर लावल्यास धूर इतका तापतो की टर्बोचे चक्र व धूर शुद्ध करणारे यंत्र जपण्यासाठी काही वेळा जरुरीपेक्षा अधिक पेट्रोल सोडून उष्णता आवरली जाते. ते पेट्रोल गाडी पुढे नेण्याच्या कामी येत नाही.

शहरात आणखी एक गंमत होते. सिग्नल सुटला की अशी गाडी क्षणभर सुस्त वाटते, कारण भाता अजून फिरू लागलेला नसतो. जुन्या गाडीची सवय असलेला माणूस पाय आणखी दाबतो. तोवर भाता जागा होतो, गाडी उसळते, आणि पुढे रिक्षा आडवी आली की ब्रेक लागतो. जळलेले पेट्रोल ब्रेकच्या उष्णतेत विरून जाते. दादांचे ९.८ आणि ड्रायव्हरचे १०.६ यांतले अंतर बहुधा या पायाचेच. त्यात फेऱ्या चार-पाच किलोमीटरांच्या. इंजिन थंड असते तोवर ते जास्त पेट्रोल मागते, आणि ते तापते न तापते तोच शाळा येते. सिग्नलवर वातानुकूलन चालू ठेवून उभे राहिले तर पेट्रोल जळते आणि अंतर शून्य. उलट महामार्गावर वैरी असतो तो वारा. ८० वरून १०० वर गेले की वाऱ्याचा अडथळा दीडपटीहून अधिक होतो, आणि हल्लीच्या उंच बांध्याच्या गाड्यांना तो विशेष जाणवतो. भर म्हणून २०२५ पर्यंत आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल रूढ झाले. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच उष्णता असते. म्हणजे लिटरमागे थोडे अंतर तेथेही कमी होते.

दादांनी हे सर्व ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टाकीची किल्ली आणि ती वही, दोन्ही ड्रायव्हरच्या हाती दिली आणि म्हणाले, "आता हिसाब तुम रखो।" यापलीकडे कोणी काही बोलले नाही. किल्लीसोबत आपली वही दुसऱ्याच्या स्वाधीन करणे ही दादांच्या दृष्टीने मोठीच गोष्ट होती, आणि त्यालाही ती उमगली असावी. त्या महिन्यापासून प्रत्येक टाकीचा आकडा त्याच्या अक्षरात लिहिलेला आहे.

गाडी घेऊ पाहणाऱ्या वाचकांना आमचे दोन शब्द. ज्यांचा वापर बहुतेक शहरातला, शाळा-बाजाराचा आणि चार-दोन किलोमीटरांचा आहे, त्यांनी टर्बोचा मोह धरण्याआधी साध्या इंजिनाची लहान गाडी अवश्य पाहावी; टर्बोचा जोर त्यांच्या फारसा कामी येणार नाही. ज्यांना महिन्यातून दोनदा बडोदे, भोपाळ किंवा भेरूघाटातून ओंकारेश्वर गाठायचे असते, त्यांना ती गाडी चढावर व पुढच्या वाहनाला ओलांडताना सुख देईल, आणि पाय हलका ठेवला तर खिशालाही जाचणार नाही. तुलना करताना 'लिटरला किती' यापेक्षा 'शंभर किलोमीटरला किती लिटर' असे मोजणे बरे. १० ची गाडी १२.५ वर आली तर शंभर किलोमीटरला दोन लिटर वाचतात. २० ची २५ वर आली तर एकच. पहिल्या ठिकाणी अडीचच किलोमीटर वाढले आणि दुसऱ्या ठिकाणी पाच, तरी बचत पहिल्याच ठिकाणी दुप्पट.

आणि ज्यांच्या घरी ड्रायव्हर आहे त्यांना एक विनंती. माहितीपत्रकातला आकडा हे त्या माणसाच्या इमानाचे माप धरू नये. संशय आलाच, तर आधी दोन टाक्या स्वतः गाडी चालवून मोजाव्यात. त्याला दहा-पंधरा दिवस लागतात. गेलेले नाव परत मिळवायला किती वर्षे लागतात, ते ज्याचे जाते त्यालाच ठाऊक.