आठ वारांचा पोशाख

विद्यार्थी मित्रांनो, लष्करी बँडच्या चित्रात तुम्ही कधी तरी असा माणूस पाहिला असेल. खांद्यावर नळ्यांचे वाद्य, पायांत लांब लोकरी मोजे आणि कमरेला चौकड्यांचा, चुण्यांचा, गुडघ्यापर्यंत येणारा पोशाख. चित्र पाहून तुमच्यापैकी काही जण हसलेही असतील. "हा पुरुष घागरा घालून का उभा आहे?" असे शेजारच्या मुलाला विचारलेही असेल. त्या पोशाखाला किल्ट म्हणतात. तो स्कॉटलंडच्या पुरुषांचा पोशाख आहे. मी तो एकदा घातला आहे. तो घालताना मला काय वाटले आणि घरातली माणसे काय म्हणाली, ते आज तुम्हांला सांगतो.

पण आधी या पोशाखाची थोडी ओळख करून घ्या. स्कॉटलंडच्या उत्तरेला डोंगराळ मुलूख आहे. तेथील लोक पूर्वी लोकरीचे एक लांबलचक कापड कमरेला गुंडाळीत आणि उरलेला भाग खांद्यावर घेत. थंडीत तेच कापड पांघरूण होई. अठराव्या शतकात कमरेखालचा भाग तेवढा वेगळा झाला आणि आजचा किल्ट तयार झाला.

इ. स. १७४६ मध्ये कलोडेनच्या लढाईत तेथील बंडखोरांचा पराभव झाला. त्याच वर्षी सरकारने कायदा केला, की स्कॉटलंडमधील पुरुषांनी व मुलांनी हा पोशाख घालू नये. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंगवास आणि दुसऱ्या गुन्ह्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी, अशी शिक्षा ठरली. सैन्यातील शिपायांना मात्र त्यातून सूट होती. हा कायदा १७८२ साली रद्द झाला. पुढे १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरो शहरात आला. त्याच्या स्वागताची व्यवस्था प्रसिद्ध लेखक सर वॉल्टर स्कॉट यांच्याकडे होती. त्या समारंभात राजाने स्वतः किल्ट घातला. ज्या पोशाखासाठी कधी काळी तुरुंगात जावे लागे, तोच आता मानाचा झाला. आज स्कॉटलंडमधील माणूस रोज किल्ट घालत नाही. पण लग्नात आणि सणासमारंभात आवर्जून घालतो.

आता माझी गोष्ट. आमचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे. माझे दादा जहाजावर खलाशी होते. अब्बा भिवंडीला आले आणि यंत्रमागावर काम करू लागले. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे चाचा, ग्लासगो शहरात स्थायिक झाले. त्यांनी तेथे अनेक वर्षे बस चालवली. मी बी. एड. होऊन शाळेत शिकवू लागलो. काही वर्षांपूर्वी चाचांच्या मुलाचे लग्न ठरले आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ग्लासगोला गेलो.

लग्नाच्या चार दिवस आधी चाचांनी सांगितले, "मुलाची इच्छा आहे, की त्याच्या बाजूच्या सगळ्या पुरुषांनी वर शेरवानी आणि खाली किल्ट घालावा. तू माझा जुना किल्ट घाल."

मी गप्प राहिलो. मनात आले, मी शिक्षक माणूस. याचा फोटो शाळेत पोचला तर मुले काय म्हणतील? आणि घरी काय सांगू?

त्या रात्री घरी फोन केला. बहीण तर इतकी हसली, की तिला बोलताच येईना. "भाईजान, ओढणी पाठवू का?" असे तिने विचारले. अम्मीला काळजी वाटली ती मोहल्ल्याची. ती म्हणाली, "घाल बाबा, पण फोटो कोणाला दाखवू नकोस." अब्बा मात्र हसले नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गुडघे झाकतात का?"

मित्रांनो, हा प्रश्न साधा नव्हता. पुरुषाने बेंबीपासून गुडघ्यापर्यंतचे अंग झाकावे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. किल्टची कड तर गुडघ्याच्या मध्यावर यावी, असा तिकडचा दंडक. माणूस खाली बसला की ती आणखी वर सरकते. अब्बांचे म्हणणे चुकीचे नव्हते आणि चुलत भावाची इच्छाही मोडवत नव्हती. मी दोन दिवस विचार केला. मग चाचांनीच मार्ग सुचवला. ते माझ्यापेक्षा चांगले उंच आहेत. त्यांचा किल्ट माझ्या गुडघ्यांच्या खाली येत होता. शिवाय आत काळी तंग इजार घालायची आणि तिची टोके लांब मोज्यांत खोचायची, असे ठरले. मी अब्बांना फोनवर सारे सांगितले. ते थोडा वेळ थांबून म्हणाले, "मग घाल. पण नीट घाल."

लग्नाच्या सकाळी चाचांनी मला किल्ट नेसवला. नेसवला असेच म्हणतो, कारण तो काही पायजम्यासारखा पटकन चढवता येत नाही. त्याला सुमारे आठ वार कापड लागते. आपल्याकडच्या नऊवारी लुगड्यापेक्षा एकच वार कमी! समोरचा भाग सपाट असतो आणि सगळ्या चुण्या मागे असतात. कमरेला चामड्याचे पट्टे बक्कलांनी आवळतात. किल्टला खिसा नसतो. म्हणून समोर चामड्याची एक थैली लटकवतात. तिला स्पॉरन म्हणतात.

सगळे घालून मी आरशासमोर उभा राहिलो. आधी मला फक्त कापडाचे वजन जाणवले. मग पाऊल टाकले, तशा मागच्या चुण्या हलल्या आणि माझी चालच बदलली. मी आपोआप ताठ चालू लागलो. पण दारापर्यंत गेलो आणि पुन्हा थबकलो. बाहेर रस्ता होता आणि रस्त्यावर लोक होते. कोणी हसेल या भीतीने छातीत धडधडत होते. शेरवानीवर किल्ट पाहून तिथले लोक हसतील, आणि किल्टवर शेरवानी पाहून आपले लोक हसतील, असे वाटत होते.

त्याच वेळी चाचांचे शेजारी दारात आले. ते वयस्क स्कॉटिश गृहस्थ. त्यांनी चाचांनी दिलेला सलवार-कमीज घातला होता. ते सारखी कमीजची कड खाली ओढत होते. मला पाहताच त्यांनी हळूच विचारले, "मला हे बरे दिसते का? कोणी हसणार तर नाही ना?"

अगदी हाच प्रश्न मला त्यांना विचारायचा होता! मी म्हणालो, "फार छान दिसते. आणि माझे?" त्यांनी दोन पावले मागे जाऊन मला नीट पाहिले, माझा कमरेचा पट्टा थोडा सरळ केला आणि मान डोलावली. मग आम्ही दोघे बरोबरच बाहेर पडलो. रस्त्यात एक-दोन माणसांनी वळून पाहिले. कोणी हसलेही असेल. पण माझे तिकडे लक्ष राहिले नाही. निकाह झाला. त्याच पोशाखात मी सर्वांबरोबर जोहरची नमाजही पढलो. अब्बांनी तो प्रश्न विचारला नसता, तर ती नमाज मी इतक्या निश्चिंत मनाने पढू शकलो नसतो.

असा पोशाख करणारे आम्हीच पहिले नव्हतो. हमजा युसुफ यांचे वडील पाकिस्तानातून स्कॉटलंडला आले होते. २०१६ साली हमजा युसुफ यांनी स्कॉटलंडच्या संसदेत किल्ट आणि शेरवानी घालून उर्दूत शपथ घेतली. पुढे २०२३ ते २०२४ या काळात ते तेथील सरकारचे प्रमुख होते.

परत निघताना चाचांनी तो किल्ट मलाच भेट दिला. भिवंडीला आल्यावर मी तो अब्बांसमोर ठेवला. त्यांनी आधी चष्मा लावला. मग कापड उजेडात धरून बोटांनी चाचपले. टार्टन कापडात ज्या रंगांचे धागे ज्या क्रमाने ताण्यात असतात, सामान्यतः तेच रंग त्याच क्रमाने बाण्यात असतात. त्यामुळे चौकडी जुळते. अब्बांच्या हे लगेच ध्यानात आले. एक-एक रेघ मोजत ते म्हणाले, "ताणा आणि बाणा एकच आहे. विणणारा हुशार आहे." दादीने खाटेवरूनच पाहिले आणि म्हणाली, "यात नवल ते काय? तुझे दादासुद्धा चौकड्यांची लुंगीच नेसत. ही जरा जाड आहे, एवढेच." बहीण पुन्हा हसली, पण या वेळी तिने चुण्या मोजायला घेतल्या. अम्मीने फोटो मात्र कपाटातच ठेवला आहे. आणि ईदला किल्ट घालण्याची परवानगी अब्बांनी मला अजून दिलेली नाही! डांबराच्या गोळ्या घालून तो त्यांनी स्वतःच पेटीत ठेवला आहे.

मित्रांनो, मी शिक्षक आहे, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. शाळेबाहेरच्या स्पर्धेला जाताना बसमध्ये टोपी काढून खिशात ठेवणारी मुले मी पाहिली आहेत. शहरात नऊवारी नेसून आलेल्या खेड्यातल्या आजीकडे पाहून हसणारी मुलेही पाहिली आहेत. एकाला लोक हसतील अशी भीती असते आणि दुसरा हसत असतो. कधी कधी तर एकच मुलगा दोन्ही करतो. माणूस जे नेसतो, त्यामागे त्याचे गाव, त्याचे हवामान, त्याची श्रद्धा आणि त्याचे वाडवडील असतात. ते सारे आपल्याला एका नजरेत दिसत नाही. म्हणून कोणाचा वेगळा पोशाख दिसला, तर हसण्याआधी त्याला एवढेच विचारा, "हे कसे नेसतात?" तो आनंदाने सांगेल. आणि तुम्हांला कोणी असे विचारले, तर तुम्हीही मान वर करून सांगा.