आवाज कसला येतोय?

आमच्या शिवाजी पेठेतल्या घरात आवाजांना तोटा नाही. पहाटे दूधवाल्याच्या किटल्या, दिवसभर रिक्षा, रात्री गल्लीतली कुत्री आणि डोक्यावर खडखडणारा जुना पंखा. आवाजाने माझी झोप मोडते असं कुणी म्हटलं, तर आमचे हेच हसतील. पण गेल्या नोव्हेंबरात एका रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही, आणि आता वाटतं, बरंच झालं बाई!

आमचा भाचा शिडाच्या बोटीवर नोकरीला आहे. मालकाची बोट मुंबईहून गोव्याला न्यायची होती आणि वाटेत दोन दिवस विजयदुर्गला मुक्काम होता. त्याचा फोन आला, "मामी, मामाला घेऊन या की! एक रात्र बोटीवर झोपा." सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून गेली चार वर्षं मी रात्री त्यांच्याच खोलीत झोपते. त्यांच्यापाशी राहायला नणंदबाई आल्या, आणि लाडू-चिवड्याचे डबे बांधून आम्ही निघालो. गगनबावड्याचा घाट उतरून, तळेऱ्यावरून संध्याकाळी विजयदुर्गला पोचलो.

किल्ल्याला लागून वाघोटणची खाडी आहे. मराठी आरमाराचं हे जुनं ठाणं. बोट खाडीत नांगर टाकून उभी होती. पदर खोचून, देवाचं नाव घेत मी छोट्या होडीतून तिच्यावर चढले. जेवणं झाली. हे पुढच्या खोलीत जाऊन झोपले. खोली कसली, आमच्या देवघराएवढी. मी मधल्या बाकावर आडवी झाले. किती शांत, असं म्हणते न म्हणते तोच सुरू झालं.

टक्‌... टक्‌... टक्‌. कुणी दार वाजवावं तसं. मी भाच्याला हाक मारली. तो म्हणाला, "शीड चढवायचा दोर आहे मामी. वाऱ्याने डोलकाठीवर आपटतोय." वर जाऊन त्याने तो दोर डोलकाठीपासून ओढून बाजूला बांधला. टकटक बंद.

मग कपाटातून गडगड, ठण्‌! हा उपद्रव माझाच निघाला. चिवड्याचा स्टीलचा डबा आणि त्यात राहिलेला चमचा! डबा टॉवेलात गुंडाळला.

मग खालून घर्रर्र. या आवाजाला मात्र भाचा हसला नाही. पुढे जाऊन त्याने नांगराच्या साखळीवर हात ठेवला आणि किनाऱ्यावरचे दिवे न्याहाळले. भरती-ओहोटीबरोबर बोट फिरते, तेव्हा साखळी तळाच्या दगडांवरून घासते, तो हा आवाज. पण नांगरच सुटून घसरत असेल, तर साखळीला हादरे बसतात आणि बोट जागा सोडते. "म्हणून हा आवाज आला की उठायचंच. आळस केला तर सकाळी बोट खडकावर," तो म्हणाला. त्या रात्री नांगर पक्का होता.

तरी एक बारीक तडतड राहिलीच. फोडणीत मोहरी तडतडावी तशी, चारी बाजूंनी. मला वाटलं, बोटीला चीर गेली! तर ती एक जातीची कोळंबी. तिची एक नांगी मोठी असते. ती इतक्या वेगाने मिटते, की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि त्याचा हा आवाज. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा कानोसा घेणाऱ्यांना या तडतडीने हैराण केलं होतं. बुडबुड्याचं कोडं मात्र २००० साली, अतिवेगवान कॅमेऱ्याने उलगडलं. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसालिटो म्हणून गाव आहे. तिथे १९८० च्या दशकात तरंगत्या घरांतले लोक रात्रीच्या गुणगुणीने वैतागले होते. कुणी म्हणे पंप, कुणी म्हणे लष्कराचे प्रयोग. शेवटी निघाले मासे! नर मादीला बोलावत होते. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

भाच्याची रीत मला आवडली. एका वेळी एकच आवाज धरायचा, तो कुठून येतो ते हात लावून बघायचं, तो बंद करायचा आणि पुन्हा ऐकायचं.

मग शेवटचा आवाज आला. नळीतून हवा ओढल्यासारखा. मग काहीच नाही. मग एकदम गुडगुडून मोठा सुस्कारा.

"पंप असेल रे."

"पंप बंद आहे मामी."

त्याने फळी उचलून खाली बॅटरी मारली. सगळं कोरडं. मी फळ्यांना कान लावत लावत पुढच्या खोलीपाशी आले आणि दार ढकललं.

"मामा घोरतायत!" भाचा हसला. पण लगेच गप्प झाला. घोरणं थांबलं होतं. छाती हलत होती, पण श्वास येत नव्हता. मी मनात आकडे मोजू लागले. दहा... पंधरा... बावीस. मग गुदमरल्यासारखा आचका, आणि पुन्हा घोरणं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी सकाळपर्यंत त्यांच्या उशाशी बसून राहिले.

सकाळी ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "छान झोप लागली की!"

कोल्हापूरला आल्यावर ह्यांची कुरकुर न ऐकता डॉक्टरांकडे नेलं. मी मोजलेले आकडे सांगितले. रात्रभर अंगाला तारा लावून झोपेची तपासणी झाली. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट बंद होते आणि श्वास अडतो. असं एका रात्रीत कितीतरी वेळा होत होतं, आणि झोपणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो! पेपर वाचता वाचता डुलक्या, सकाळची डोकेदुखी, गोळ्यांना न जुमानणारं ब्लडप्रेशर. मी याला वय झालं म्हणत होते. आणि हे स्कूटरवरून रोज गांधीनगरला जात होते!

आता हे रात्री नाकावर मास्क लावून झोपतात. यंत्र हलक्या दाबाने हवा देत राहतं. पहिले आठ दिवस फार चिडचिड केली, आता स्वतःच आठवणीने लावतात. वजनही उतरवायचं चाललंय. तांबडा रस्सा आठवड्यातून एकदाच.

मैत्रिणींनो, घोरणारा प्रत्येक माणूस आजारी नसतो. पण घोरणं मध्येच थांबत असेल, माणूस गुदमरून उठत असेल, दिवसा पेंगत असेल, तर हसण्यावारी नेऊ नका. एक रात्र पंखा बंद करून नीट ऐका, जमल्यास मोबाइलवर आवाज टिपून घ्या आणि डॉक्टरांना ऐकवा. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नका. त्याने हा त्रास वाढू शकतो.

सासूबाईंच्या खोलीत आता रात्री एक मावशी असतात. मी परत आमच्या खोलीत आले आहे. यंत्राची बारीक सूं सूं चालू असते. मध्येच जाग आली, की मी आधी तिचा कानोसा घेते आणि मग कूस बदलते.