लूम : खडखडणारा एक जुना शब्द

भिवंडीच्या एखाद्या गल्लीत शिरलं की माणसांच्या आवाजाआधी यंत्रांचा आवाज कानावर येतो. पत्र्याच्या शेडमधली ती खडखड दिवसपाळी संपून रातपाळी सुरू झाली तरी थांबत नाही. पुस्तकात या यंत्राचं नाव यंत्रमाग. गावात मात्र मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा सगळ्या तोंडांत त्याला एकच नाव आहे, लूम. ‘कितने लूम हैं?’ या प्रश्नाच्या उत्तरात तिथे माणसाची ऐपत कळते.

हा शब्द गिरण्यांच्या कितीतरी आधीचा आहे. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत त्याचं रूप होतं ‘गेलोमा’, आणि त्याचा अर्थ होता अवजार. कुठलंही अवजार. सुताराचं, शेतकऱ्याचं, स्वयंपाकघरातलंसुद्धा. विणकराच्या मागाला तो चिकटला तो पुढे, मध्ययुगात. आणि हळूहळू बाकीची सगळी अवजारं त्यातून गळून पडली. गेलोमाच्या मागे जायचं म्हटलं तर व्युत्पत्तीचे जाणकार थबकतात, कारण त्यापलीकडे शब्दाचा माग लागत नाही. मराठीत हे वाक्य लिहिताना मजा येते. पावलांचा शोध आणि कापड विणायचं साधन, दोन्हींना आपल्याकडे ‘माग’च म्हणतात.

जुना, रुंद अर्थ इंग्रजीत एका ठिकाणी मात्र शाबूत राहिला. ‘एअरलूम’ म्हणजे वारसाकडे घराबरोबर चालत आलेली वस्तू. त्यातल्या लूमचा विणकामाशी संबंध नाही. तिथे लूम म्हणजे तेच जुनं ‘अवजार’, घरातली हत्यारं-भांडी. आज आजीच्या बांगड्यांना आणि टोमॅटोच्या देशी वाणालाही इंग्रजीत हे विशेषण लागतं. भिवंडीत मात्र तो शब्द अक्षरशः खरा ठरला आहे. इथे वडिलांकडून मुलाकडे खरोखरच लूम येतात.

त्या लूमच्या आत शिरलं की जुन्या इंग्रजीचं एक अख्खं गाव भेटतं. उभ्या ताण्याचे धागे ज्यावर गुंडाळलेले असतात तो बीम. जुन्या इंग्रजीत ‘बेआम’ म्हणजे झाड. जर्मनमध्ये झाडाला आजही ‘बाउम’ म्हणतात. झाडाचा ओंडका आडवा झाला, घराची तुळई झाला, मागाचा दांडा झाला. आज ताण्याला खळ लावणाऱ्या सायझिंगमधून टेम्पोत चढून कारखान्यात येणारा बीम लोखंडी असतो, पण नाव झाडाचंच आहे. शटल म्हणजे आपला धोटा. त्याचं मूळ रूप ‘स्कुतेल’, अर्थ बाण, फेकून मारायचं अस्त्र. ताण्याला इंग्रजीत ‘वार्प’ म्हणतात, त्याच्याही मुळाशी फेकणंच आहे. धाग्यांतून सुटणारा धोटा पाहिला की हे नाव ठेवणाऱ्याची नजर पटते. पुढे बाणाचं वेगळंच झालं. धोटा इकडून तिकडे येरझारा घालतो म्हणून तशाच येरझारा घालणाऱ्या रेल्वेगाडीला, बॅडमिंटनच्या फुलाला आणि अवकाशयानालाही शटल हे नाव लागलं.

प्रत्येक भाषेनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं. आडव्या बाण्याचा धागा ठोकून बसवणाऱ्या भागाला इंग्रज ‘रीड’ म्हणाला, कारण पूर्वी त्याचे दात बोरूच्या चिपांचे असत. मराठी विणकराला त्यात कंगवा दिसला, म्हणून ती फणी. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी 1904 साली पहिला यंत्रमाग आणला. तिथे ताण्याचे धागे ओवून देणाऱ्या कारागिराला वहिफणी कामगार म्हणतात. यातली वही म्हणजे मागाचा एक भाग, लिहायची वही नव्हे.

विणणं या क्रियेपासून आलेला ‘वेब’ म्हणजे मुळात विणलेलं कापड. ते कोळ्याच्या जाळ्याचं नाव झालं, आणि 1989 साली टिम बर्नर्स-ली यांनी मांडलेल्या कल्पनेतून आलेल्या जगभरच्या जाळ्याचंही. विणणारी बाई ‘वेब्स्ट्रे’. त्यावरून वेब्स्टर हे आडनाव. अमेरिकन इंग्रजीचा मोठा कोश 1828 साली छापणारे नोआ वेब्स्टर हे आडनावाने विणकरच. भिवंडीच्या पद्मनगरातला तेलुगू पद्मशाली, उत्तरेतून आलेला मोमीन अन्सारी आणि महाराष्ट्रातला साळी किंवा कोष्टी या विणकरांच्या नात्यातलंच हे नाव.

इंग्रजांशी आपली देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. मुंबईच्या डोंगरीवरून इंग्रजीला ‘डंगरी’ मिळालं, आधी जाडंभरडं कापड, मग त्याचे कामाचे कपडे. उलट दिशेने जॉन केचा 1733 सालचा उडता धोटा आणि पाद्री एडमंड कार्टराइट यांचा 1785 सालचा यांत्रिक माग इकडे पोचले. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले कितीतरी माग भिवंडीत पुन्हा उभे राहिले. 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या थंडावत गेल्या, आणि विणकाम या गावाकडे आणखी सरकलं.

आता इथलेही जुने माग भंगारात किलोवर विकले जातात. त्यांच्या जागी बिनधोट्याची यंत्रं येतात, त्यातल्या एकाचं नाव ‘रेपियर’. रेपियर म्हणजे युरोपातली अरुंद, लांब तलवार. बाण गेला, तलवार आली. लूम आणि बीम मात्र टिकून आहेत.

माग जातो तेव्हा त्याच्या सुट्या भागांची नावंही जातात, आणि ही हानी भंगाराच्या वजनात धरली जात नाही. कांडी, धोटा, फणी, वही, ताणा, बाणा, पिकर. चार-पाच भाषांनी मिळून घडवलेल्या या बोलीचा कोश व्हायलाच हवा. तो ग्रंथालयात बसून होणार नाही. त्यासाठी माग दुरुस्त करणाऱ्या जुन्या जॉबरकडे जावं लागेल, चालू मागासमोर उभं राहावं लागेल, आणि एकेका भागावर बोट ठेवून विचारावं लागेल, याला काय म्हणता?