पंचमीचा चंद्र

हान्लेच्या प्रवासाची आखणी आम्ही पंचांगापासून सुरू केली. लडाखच्या चांगथांग भागात, चीनच्या सीमेजवळ, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर वसलेलं हे गाव. शेजारच्या डोंगरावर भारतीय खगोल वेधशाळा आहे. २०२२ साली हा परिसर ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून जाहीर झाला. बाहेर उजेड सांडू नये म्हणून गावात खिडक्यांना पडदे लावतात, आणि गावातलेच काही जण प्रशिक्षण घेऊन पाहुण्यांना दुर्बिणीतून आकाश दाखवतात.

पाऊस सरलेला, पण थंडी फार कडक नाही, असा काळ म्हणजे सप्टेंबरचा उत्तरार्ध. त्यातली अमावस्या निघाली सर्वपित्री. बाबा म्हणाले, “आजीचं पान ठेवल्याशिवाय मी घर सोडणार नाही.” त्यावर वाद घालायची सोय नव्हती.

म्हणजे निघायचं प्रतिपदेला. विमान थेट ३,५०० मीटरवर, लेहला उतरवतं. बाबा ६८ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू. डॉक्टर ‘जा’ म्हणाले, पण सावकाश. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा गिर्यारोहकांचा नियम. त्यामुळे तीन रात्री लेह, चौथी वाटेत चुमाथांगला, आणि हान्ले थेट पंचमीला.

पंचमीला चंद्र वृश्चिकेत असणार. आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग शेजारीच, धनू राशीत. म्हणजे जे बघायला एवढ्या लांब जायचं, त्याच्याच अंगावर चांदणं. भाऊ म्हणाला, “लेहची एक रात्र कमी करू, चुमाथांग गाळू, तृतीयेलाच पोचू.” कागदावर ते सहज बसत होतं. मीही दोनदा तसं मांडून पाहिलं.

हान्लेची दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण बंगळुरूजवळच्या होस्कोटेहून, उपग्रहामार्फत चालवतात. शास्त्रज्ञांना डोळे वर पाठवून शरीर खाली ठेवता येतं. आम्हाला शरीर घेऊनच जायचंय, आणि वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के. गच्चीवर बोट धरून मला मृग दाखवणाऱ्या माणसाच्या श्वासातून दोन तिथ्या कापायच्या, हे मला जमेना.

पंचमीच ठरली. चंद्र पूर्वरात्रीच मावळेल. मध्यरात्रीपर्यंत कृत्तिका आणि रोहिणी बऱ्याच वर आलेल्या असतील, मागोमाग मृग, आणि पहाटेपर्यंत निखळ काळोख. आकाशगंगेचं केंद्र यंदा नाही दिसलं तर नाही.

आखणीत शेवटची ओळ लिहिली आहे: लेहला किंवा चुमाथांगला बाबांना धाप लागली, डोकं दुखायचं थांबेना, तर पुढे कुणीच जायचं नाही, सगळ्यांनी खाली उतरायचं. बाबांनी ती वाचली आणि काहीच न बोलता कागद परत दिला. परमिटचे अर्ज भरून झालेत. परतीची तिकिटं तारीख बदलता येईल अशी काढली आहेत.