कठड्यावरचा हात

मेहकरच्या आमच्या जुन्या वाड्याच्या माडीला सागवानी कठडा आहे. गेल्या मे महिन्यांत पुण्याहून आलेल्या अकरा वर्षांच्या नातीनें त्याचा जो उपयोग आरंभिला, तो पाहून आमच्या वहिनी प्रथम चकित व मग किंचित् नाराज झाल्या. मुलगी बॅले शिकते. रोज सकाळीं, चहापूर्वीं, डावा हात कठड्यावर ठेवून ती गुडघे वांकवी व सरळ करी. पाऊल जमिनीवरून घासत पुढें, बाजूस व मागें नेई. मग तोंड फिरवून तेंच सारें उजव्या हातानें. अर्धा तास लोटला तरी नाच म्हणून कांहीं दिसेना!

"अग, नाच केव्हां सुरू होणार?"

"आबा, तो यातूनच येतो," ती म्हणाली.

चौदाव्या लुईनें १६६१ सालीं पॅरिसला नृत्याची अकादमी स्थापिली. या कलेची परिभाषा अद्याप फ्रेंचच आहे. गुडघे वांकविणें तें 'प्लीये', पाऊल ताणणें तें 'तांद्यू'. कठडा धरावयाचा नसतो, हात नुसता टेकावयाचा असतो, हें आम्हांस नवें होतें. जो घट्ट धरतो त्याचा तोल लाकडांतच राहतो व मध्यभागीं निराधार उभें राहतांच तो उघडा पडतो. पावलें बाहेर वळवावयाचीं तीं खुब्यापासून. गुडघ्यापासून वळविलीं तर गुडघा दुखावतो. उंच उडीनंतर खालीं येतांना बसणारा धक्काही प्लीयेनेंच झेलावयाचा. तरुणपणीं मल्लखांबाच्या उस्तादांनीं आम्हांस महिनाभर साध्या अढीपलीकडे जाऊं दिलें नव्हतें, त्यामुळें हें पटण्यास वेळ लागला नाहीं.

दुसरी गोष्ट मात्र अवघड आहे. हिच्या आईनें, म्हणजे आमच्या कन्येनें, दहाव्या वर्षीं कथक शिकण्याचा हट्ट धरला होता. "आपल्या घरांत हें चालत नाहीं," एवढेंच आम्हीं सांगितलें. तिनें पुन्हां विषय काढला नाहीं. मेनकाबाईंनीं १९३६ सालीं बर्लिनला आपली नृत्यमंडळी नेली, खंडाळ्यास नृत्यशाळा चालविली, हें आम्हीं कौतुकानें वाचलें होतें. पण वाचणें निराळें व आपल्या ओसरीवर घुंगूर वाजणें निराळें!

परवां ती लेकीस नेण्यास आली. सकाळीं मुलगी म्हणाली, "आई, तूंही उभी राहा ना." कन्येनें पदर खोचला, आणि जुन्या संवयीनें आमच्याकडे पाहिलें.

आमची आरामखुर्ची कठड्याला लागूनच होती. तेथें दोघींना जागा पुरेना, म्हणून आम्हीं ती उचलून दूर नेली.