आमेरची मरियम

आमेरच्या किल्ल्यात मराठी प्रवाशांचा घोळका शिरला की गाइड जोधाबाईवर येतोच. 2008 साली आशुतोष गोवारीकरांचा सिनेमा येऊन गेल्यापासून तर त्याचं काम फारच सोपं झालंय. राजा भारमलची मुलगी, 1562 मध्ये सांभरला अकबराशी झालेलं लग्न, पुढे सलीमचा, म्हणजे जहांगीरचा, जन्म, इथवर गोष्ट बरोबर चालते. नावात मात्र घोटाळा आहे. अकबराच्या काळच्या तवारिखांना ही जोधाबाई ठाऊक नाही. मोगलांच्या लेखी तिचा किताब मरियम-उझ-जमानी, म्हणजे या युगाची मरियम.

कछवाह्यांच्या घरात वाढलेली हिंदू राजकन्या, सासर मुसलमान बादशहाचं, आणि किताब येशूच्या आईचा! एकोणिसाव्या शतकात या नावानं बऱ्याच जणांना चकवलं. मरियम म्हणजे ख्रिस्तीच असणार, असं धरून त्यांनी अकबराला एक ख्रिस्ती बायको बहाल करून टाकली. फतेहपूर सिक्रीत 'मरियमचं घर' दाखवताना ही बाई अजूनही अधूनमधून डोकं वर काढते.

खरं तर नवल वाटण्यासारखं यात काही नव्हतं. अकबराची आई हमीदा बानू हिचा किताबही मरियम-मकानी होता. कुराणात नावानिशी उल्लेख आलेली स्त्री एकच, ती मरियम. तिच्या नावाचा एकोणिसावा अध्यायच आहे. खुद्द पैगंबर मुहंमदांचं नाव कुराणात चार वेळा येतं, ईसांचं, म्हणजे येशूचं, पंचवीस वेळा आणि मरियमचं चौतीस वेळा. शिवाय ईसांचा उल्लेख पुन्हा पुन्हा 'मरियमचा पुत्र' असाच होतो. बाप नाहीच, तर दुसरी ओळख कुठून आणायची?

त्या अध्यायातलं बाळंतपण मला बेथलेहेमच्या गोठ्यापेक्षा जास्त जवळचं वाटतं. इथे योसेफ नाही, मेंढपाळ नाहीत, पूर्वेचे ज्ञानी नाहीत. एकटी बाई कळा देत खजुराच्या झाडाखाली येते आणि याआधीच मेले असते तर बरं झालं असतं, असं म्हणते. तिला खालून आवाज येतो: दुःख करू नकोस, पायाशी पाणी आहे, झाड हलव, पिकला खजूर पडेल. ती बाळ घेऊन घरी येते तेव्हा नातलग तोंडं वाकडी करतात. ती काही न बोलता बाळाकडे बोट दाखवते आणि पाळण्यातलं मूल बोलू लागतं: मी अल्लाहचा दास आहे. आईची अब्रू राखायला तोंड उघडलेल्या त्या बाळाचा पहिला शब्द स्वतःच्या दासपणाचा आहे. इस्लामची ईसांविषयीची सगळी भूमिका त्या एका वाक्यात आली.

आमेरशेजारच्या जयपूरला रामगंज बाजाराच्या मागे गल्ल्यागल्ल्यांतून पन्ना घासणारे कारागीर बसतात. काडीच्या टोकाला लाखेनं चिकटवलेला खडा फिरत्या चाकावर टेकवायचा, उचलायचा, बोटानं पुसून उजेडाकडे धरायचा आणि पुन्हा टेकवायचा. अशाच एका पांढऱ्या दाढीच्या कारागिराला मी ईसांबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी मला मातीच्या पाखरांची गोष्ट सांगितली. हजरत ईसांनी चिखलाची पाखरं केली, त्यांच्यावर फुंकर घातली आणि ती उडाली. बायबलच्या चार शुभवर्तमानांत ही गोष्ट नाही. चर्चनं बाजूला ठेवलेल्या बाळचरित्रांत आहे, आणि कुराणात दोनदा आहे. सांगून झाल्यावर म्हातारबाबांनी हातातली काडी माझ्याकडे रोखली. "मगर अल्लाह के हुक्म से, भाईसाब. घडवणं कारागिराचं, जीव घालणं त्याचं." कुराणातही हे दर चमत्कारापाठोपाठ येतं. आंधळ्याला दृष्टी दिली, कोड्याला बरं केलं, मेलेल्याला उठवलं, सगळं त्याच्या परवानगीनं.

इथवर ऐकलं की आपण मराठी मंडळी समाधानानं मान डोलावतो. सगळे देव एकच, नावं निराळी, असं म्हणून मोकळे होतो. मला हा उदारपणा जरा आळशी वाटतो, कारण मुद्द्याचं भांडण इथूनच सुरू होतं. ईसा कुमारिकेच्या पोटी आले, ते मसीह आहेत, अल्लाहचा शब्द आहेत, त्याच्याकडून आलेला आत्मा आहेत, हे सगळं इस्लाम मान्य करतो. पण ते देव नव्हेत, देवाचे पुत्र नव्हेत. 'तीन' म्हणू नका, असं कुराण बजावतं. आणि त्यांना ना मारलं गेलं, ना क्रुसावर चढवलं गेलं. लोकांना तसा भास झाला आणि अल्लाहनं त्यांना आपल्याकडे उचलून घेतलं. क्रूस गेला म्हणजे बलिदान गेलं, पापक्षालन गेलं, ईस्टर गेला. ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीनं मग उरलं काय?

उरतं ते थोडं नाही. हा नकार तुच्छतेतून आलेला नाही. आपल्या लाडक्या पैगंबराला अल्लाह शत्रूंच्या हाती असा कसा देईल, ही भावना त्यामागे मला दिसते. ख्रिस्ती श्रद्धेला देवाचं प्रेम त्या वेदनेत दिसतं, मुसलमान श्रद्धेला सुटकेत. परंपरा तर असं सांगते की कयामतीआधी ईसा दमास्कसला पांढऱ्या मिनाराशी उतरतील, दज्जालाला, म्हणजे खोट्या मसीहाला, मारतील, चारचौघांसारखे मरतील आणि मदिनेत पैगंबरांच्या शेजारी त्यांना दफन केलं जाईल. म्हणजे ते आणखी यायचेच आहेत, हे दोन्हीकडे मान्य. येऊन काय करतील, यावर वाद.

ईसा देव की पैगंबर, हा वाद अकबरापुढे समोरासमोर झाला. 1580 मध्ये गोव्याहून रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्याचे सोबती जेझुइट पाद्री फतेहपूरला पोचले. त्यांनी दिलेलं बायबल बादशहानं चुंबून डोक्यावर ठेवलं. पाद्री हरखले, पण हा मान मुसलमानालाही अवघड नव्हता. येशूला दिलेला ग्रंथ म्हणून इंजील त्याला पूज्यच असते. घोडं अडलं ते देवाला मुलगा कसा, इथे. तीन वर्षांनी अक्वाविवा हात हलवत गोव्याला परतला आणि 1583 मध्ये कुंकळ्ळीला गावकऱ्यांच्या हातून मारला गेला. त्याच्या मागून आलेल्या जेरोम झेवियरनं 1602 मध्ये अकबरासाठी फारसीत येशूचं चरित्र लिहिलं, 'मिरात-उल-कुद्स'. चौदाच वर्षांनी, 1616 मध्ये, गोव्यात राशोलला फादर स्टीफन्सचं मराठी 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. आपल्याकडे दुसऱ्याचं कौतुक होतं, पहिल्याचं नावही कुणी काढत नाही.

(जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंगानंही पाद्री बोलावले. पण त्याला येशूपेक्षा ग्रहगती हव्या होत्या. त्यानं फादर फिगेरेदोला थेट लिस्बनला धाडलं ते खगोलाचं ज्ञान आणायला. जंतरमंतरवर धर्मचर्चा झाली असलीच तर ती फावल्या वेळातली.)

मुसलमानांच्या ईसांचा एक तिसराच चेहरा आहे आणि मला तोच सर्वांत जास्त आवडतो. सुफींनी तो जपला. हे ईसा घर नसलेले, उशाला दगड घेणारे फकीर आहेत. एकदा वाटेत मेलेलं कुत्रं पडलेलं असतं. शिष्य नाकाला पदर लावतात, दुर्गंधीबद्दल बोलतात. ईसा म्हणतात, दात किती शुभ्र आहेत पाहा. फारसी कवी निजामीनं ही गोष्ट सांगितली आहे. अशा तीनशेहून जास्त वचनांचा आणि गोष्टींचा संग्रह अभ्यासक तरीफ खालिदींनी 2001 मध्ये केला. यातलंच एक वचन फतेहपूरच्या बुलंद दरवाजावर कोरलंय. जग हा पूल आहे तेव्हा त्यावर घर बांधू नका, अशा अर्थाचं, चारही शुभवर्तमानांत नसलेलं. गंमत अशी की तोच लेख बादशहानं दख्खन आणि खानदेश जिंकल्याची द्वाहीही फिरवतो. असीरगड 1601 मध्ये पडला होता. आपला खानदेश खिशात घालून परतलेल्या माणसानं वैराग्याचं वचन कोरवावं, तेही दीडशे फुटांहून उंच दरवाजावर! अकबराला विनोदबुद्धी होती की नव्हती, कोण जाणे.

आमेरच्या मरियमलाही दोन मरियमांमधली ही दरी एकदा भोगावी लागली. ती जहाजांची मालकीण होती. समुद्रावर पोर्तुगीजांचा परवाना लागे, आणि त्यावर येशू-मरियमची चित्रं असत. असले परवाने घेऊन हजला जाणं योग्य नाही, अशी उलेमांची तक्रार तवारीखकार बदायुनीनं नोंदवून ठेवली आहे. राग येशूवर नव्हता, मरियमवर तर नव्हताच. तो चित्रांवर होता. 1613 मध्ये राजमातेचं 'रहीमी' हे यात्रेकरूंनी भरलेलं जहाज, परवाना असूनही, पोर्तुगीजांनी सुरतेजवळ पकडून गोव्याला नेलं. मरियमच्या भक्तांनीच मरियमचं जहाज लुटलं. जहांगीर खवळला, दमणवर फौज गेली, आग्र्यातलं पाद्र्यांचं चर्च बंद झालं.

ती 1623 मध्ये वारली. सिकंदऱ्याला अकबराच्या मकबऱ्याजवळच तिची कबर आहे. एकोणिसाव्या शतकात त्या इमारतीत ख्रिस्ती मिशनऱ्यांनी अनाथाश्रम आणि छापखाना चालवला. जयपूर-आग्रा सहलीत बस अकबराच्या मकबऱ्यापाशी थांबते आणि पुढे ताजमहालाकडे पळते. ड्रायव्हरला सांगून पंधरा मिनिटं जास्त मागून घ्या आणि तिथेही जाऊन या. गर्दी नसते.